आखाड्यावरचं गरम पाणी

आमच्या नव्या घरात मला सगळ्यात आधी खटकला तो लाल ठिपक्याचा नळ.

वास्तुशांतीचा दिवस होता. हदगावपासून थोडं आत, शेतात, नानांनी म्हणजे माझ्या वडिलांनी पक्कं घर बांधलं. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात, मग वर पत्रे असोत नाही तर स्लॅब. बाथरूमच्या भिंतीत दोन चकचकीत नळ होते. एक निळ्या ठिपक्याचा, एक लाल. येणारा प्रत्येक पाहुणा लाल नळ फिरवून बघायचा. नळ ‘फुस्स’ करून गप्प बसायचा आणि बाहेर मी दचकायची.

शेवटी मी मिस्त्रीला गाठलं. “मिस्त्री, ह्या लाल नळात गरम पाणी येणार कुठून?”

मिस्त्री पंगतीत बसला होता. तोंडातली बुंदी संपवून म्हणाला, “ते तुमचं तुम्ही बघा ताई. आम्ही नळ दिला की!”

तिथून सुरू झालं. लोकांच्या घरात धान्य साठतं, जुन्या चपला साठतात. आमच्या आखाड्यावर गरम पाण्याचे किस्से साठले. एक जुना व्हायच्या आत दुसरा हजर! नांदेडला मैत्रिणी जमल्या की अजून फर्माईश होते, “वैशू, तो जावयाचा सांग. तो वानरांचा सांग.” मी सांगते. सगळ्या हसतात, मीही हसते. फक्त शेवटचा सांगताना माझे हात अजून गार पडतात.

कारण हा नुसता नळाचा प्रश्न नव्हता. ताईला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, आणि तेही ऐन थंडीत. नानांनी जाहीर करून टाकलं होतं, “माझ्या लेकीच्या अन् नातवंडाच्या अंगावर गार पाण्याचा थेंब पडायचा न्हाई!” मला थेंबाचं काही नव्हतं. ती दोघं त्या बाथरूममधून रोज सुखरूप बाहेर यावीत, एवढंच पाहिजे होतं.

मी नांदेडला गिझरच्या दुकानात नोकरीला. शिवाय बी.एस्सी., केमिस्ट्री. म्हणजे काय घ्यायचं ते मलाच विचारायला हवं होतं. पण मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते हे घरात सगळ्यांना पाठ. माय म्हणाली, “वैशूला इचारलं तर ती म्हणल, पाणीच तापवू नका!”

*

नानांची पहिली पसंती बंबाला. तांब्याच्या बंबातल्या पाण्यानं अंग कसं मोकळं होतं, यावर त्यांनी आठवडाभर भाषण दिलं. मग बंब आणला, मायनं चिंच लावून लख्ख घासला, आणि तो अंगणात न मांडता नव्या बाथरूममध्ये मांडला! हे नेमकं कुणाच्या डोक्यातून निघालं याचं मला अजून कुतूहल आहे. विचारलं की दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात.

बंबात पऱ्हाट्या घातल्या. पऱ्हाट्या म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या. फक्त त्या वाळलेल्या नव्हत्या, रात्रभर दव खाऊन बसल्या होत्या. असा धूर निघाला की बाथरूम दिसेना, मग घर दिसेना. बाजूच्या शेतांतून माणसं धावली. कुणी बादली, कुणी घागर, एक जण तर फवारणीचा पंप पाठीवर तसाच घेऊन!

“नाना, आग कुठं लागली?”

नाना डोळे पुसत, खोकत बाहेर आले. माणसं बघितली, बादल्या बघितल्या.

“आग न्हाई, पाणी तापून राहिलंय. आता आणलंच हाय तर बंबात वता.” मग नजर पंपवाल्याकडं गेली. “तू सोडून!”

*

मग नाना थेट माझ्या दुकानात आले. दुकान युसूफचाचांचं. त्यांचे वडील भांड्यांना कल्हई करायचे. चाचा स्वतःला त्यांच्यापेक्षा मॉडर्न समजतात, कारण ते गिझर विकतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला सवाल ठरलेला.

“घर में माणसं किती?”

“दोघं. मी अन् आमची मंडळी.”

“मग छोटा घ्या.”

“लेक येणार हाय, बाळंतपणाला.”

“मग बीचवाला घ्या.”

“पुढं बारसं हाय. उदगीरची सगळी सोयरी येणार.”

“अरे नाना, ते लोक बारशाला येणार. आंघोळीला थोडेच येणार?”

नाना एकदम गंभीर झाले. “चाचा, आमची उदगीरची सोयरी तुम्हाला म्हाईत न्हाईत. ती बारशाला आली की मुक्कामाला राहतेत. मुक्कामाला राहिली की सकाळी आंघोळ करतेत. अन् आंघोळ केली की सांगून राहतेत, पाणी कोमट होतं म्हणून. तुम्ही मोठा दाखवा!”

चाचांनी सगळ्यात मोठा दाखवला, लॉजवाले नेतात तो. नानांनी त्याला प्रदक्षिणा घातली, पोटावर थाप मारली.

“ह्याच्यात तर म्हस पोहल की!”

“मोठा तुम्हीच मांगला, नाना.”

“पाव्हण्यांसाठी मागितला. पाव्हण्यांना एकदम शिजवायचं न्हाई मला.”

काही न घेता परत गेले. जाताना चहा मात्र दोनदा घेतला.

*

तेवढ्यात दाजींनी बाजी मारली. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर, उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकान सांभाळतात. ताईला सोडायला आले ते गाडीत विजेचा गिझर घेऊनच! “नाना, ह्याला ना धूर, ना काड्या. बटन दाबायचं, बस्स.” जावयाला नाही कोण म्हणणार? लाल नळामागं पाइप आला, गिझर भिंतीवर चढला.

मी एकच विचारलं, “ह्या लाईनला आपली विहिरीवरची मोटार पण आहे ना?”

“वैशू,” नाना म्हणाले, “च्या टाक.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी आंघोळीला गेले. गहू भिजवायचे दिवस. थ्री फेज आली की सगळ्या शिवारात एकदम मोटारी सुरू होतात आणि बांधावरचा डीपी, म्हणजे विजेचा तो डबा, आधीच कण्हत असतो. त्यात आमच्या गिझरचं बटन दाबलं गेलं. डीपीतून ‘फाट्’ असा आवाज आला. मी अशी उडाले की हातातला चहा मायच्या पदरावर.

सगळ्या मोटारी बंद. पाण्याची पाळी बुडाली म्हणून माणसं तणतणत आमच्या अंगणात. “नाना, काय लावलंय तुम्ही? गहू वाळवता का आमचा?” एकाच्या हातात खोरं होतं. मी दाराआड.

आणि आतून दाजींचा आवाज. “नाना! पाणी गार आलं! डोळ्यात साबण गेलाय!”

नानांनी ओठावर बोट ठेवलं. “हळू बोला. जावई हाय आत.”

झालं! त्या एका शब्दावर सगळी भांडायला आलेली माणसं गप्प. खोरंवाल्यानं खोरं भिंतीला टेकवलं, आमच्याच चुलीवरचं पातेलं फडक्यानं उचललं आणि बाथरूमच्या दाराशी नेऊन ठेवलं. आवाज केवढा मऊ! “पाव्हणं, ऊन पाणी ठेवलंय बरं का.”

दाजींना आजपर्यंत कुणी एक शब्द बोललेलं नाही. नानांना मात्र भेटेल तिथं बोलतात.

*

सोलारसाठी चाचा स्वतः आखाड्यावर आले. स्लॅबवर चढून त्यांनी चारी दिशांना असं बघितलं की जणू गड जिंकायचाय. “वा! धूप एक नंबर! टाकी इथं, काचेच्या नळ्या इथं.”

माय जिन्यातून वर आली. “तिथं न्हाई. तिथं माझी हळद वाळती.”

“मग इथं.”

“तिथं कुरडया.”

“फिर यहाँ?”

“तिथं मिरच्या. अन् त्या कोपऱ्यात मी बसते, वानरं हाकलायला.”

चाचांचा चेहरा पडला. “वानरं येतात?”

“येतेत की,” नाना खालून ओरडले, “रोज येतेत. बोलवू का?”

काचेच्या नळ्या आणि वानरं हा हिशेब चाचांनी मनात केला आणि ते हळूच खाली उतरले. मी मायला समजवायला गेले की अगं, ऊन फुकट असतं, पाणी आपोआप तापतं. माय म्हणाली, “सूर्य काय एकट्या तुमच्या आंघोळीसाठी उगवतो का? आम्हाला बी कामं हायेत!”

*

असं करत करत गाडी गॅसच्या गिझरवर येऊन थांबली. सगळ्यांना पटलं, एक मी सोडून.

दुकानात गॅस गिझर घ्यायला गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी बसवते आणि सांगते: हा आगीवर चालतो. आग हवा खाते. बाथरूम बंद असेल तर हवा संपत जाते आणि एक विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आतल्या माणसाला नुसती गुंगी येते, माणूस खाली बसतो आणि उठत नाही. म्हणून गिझर बाहेरच्या भिंतीवर लावा. एवढं ऐकून दोन बायका पदर सावरत निघून गेल्या होत्या. चाचा कपाळाला हात लावतात, “बेटा, तू ऐसा डराती की लोक गार पाण्यानं आंघोळ करून राहिले!” पण फिटिंगला जाताना तेही बाहेरच्याच भिंतीला भोक पाडतात, हे मी बघितलंय.

आमचाही बाहेरच लावला. मी निवांत झाले. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी गेले तर भिंत मोकळी! नुसती खुंटी.

“नाना, गिझर?”

“आत घेतला. बाहेर ऱ्हाईल का तो? शिवारातून मोटारी चोरीला जाऊन राहिल्या, वायर कापून नेऊन राहिले. सोन्यासारखा गिझर उघड्यावर ठेवू?”

मी रडले, जेवले नाही, पुन्हा बाहेर लावा म्हणून हट्ट धरला. नाना चोरांच्या मुद्द्यावर ठाम. शेवटी तडजोड झाली. मी स्वतः उभी राहून मिस्त्रीकडून बाथरूमच्या भिंतीत एक झरोका वर आणि एक खाली पाडून घेतला, आरपार उजेड दिसेल असा. शिवाय नियम घातला: आधी बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा, मगच आत जाऊन दार लावायचं. ताईकडून शपथ घेतली.

नाना दोन्ही झरोक्यांतून वाकून बाहेर बघत होते. “वैशू, ही बाथरूम हाय का चाळणी?”

मायनं गिझरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि खाली उदबत्ती पेटवून ठेवली. मी किंचाळले, “माय, गॅस आहे!”

माय शांतपणे उदबत्ती ओवाळत म्हणाली, “अगं, आत जाळच तर हाय. त्याला उदबत्तीचं काय नवल?”



*

ताईला मुलगी झाली. मी रजा काढून जाऊन बघून आले. इवलीशी, मूठ आवळलेली, आणि माझ्यासारखी दचकणारी! दार वाजलं की दोन्ही हात वर. मी परत नांदेडला आले आणि तिकडं गोदाआत्या दाखल झाली.

गोदाआत्या म्हणजे नानांची थोरली बहीण. आमच्या भावकीतली प्रत्येक बाळंतीण आणि प्रत्येक बाळ तिच्याच हातून न्हालेलं. नानांनाही तिनंच न्हाऊ घातलंय, आणि हे ती त्यांना चारचौघांत सांगते. पाटावर पाय पसरून बसायचं, पायांवर बाळ घ्यायचं, तेलानं रगडायचं आणि कढत पाणी ओतायचं. ती आत असताना घरातलं कुणी मध्ये बोलत नाही. नाना तर शेतात निघून जातात.

दुपारी दुकानात एक नवरा-बायको गॅस गिझर बघायला आले होते. माझं ‘आग हवा खाते’ चालू होतं. तेवढ्यात मोबाईलवर ताईनं पाठवलेला फोटो आला. पाटावर गोदाआत्या, तिच्या पायांवर तेलात माखलेली आमची पोर, मूठ वर. खाली ताईनं लिहिलं होतं, “बघ, आत्या पैलवान करून राहिली! आता आम्हा दोघींची आंघोळ.”

मी आधी पोरीचे गाल बघितले. मग मूठ बघितली. मग फोटोत काहीतरी अंधार वाटला. नेमकं काय ते कळेना. आत्याच्या डोक्यावर उजेडाचा एक चौकोन असायला हवा होता, तो नव्हता.

मी फोटो मोठा केला. वरच्या झरोक्यात गोधडी कोंबलेली. खालच्यात पोतं. अगदी नीट, सगळ्या कडा दाबून. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून! आत्याच्या लेखी वाऱ्यापेक्षा मोठा वैरी जगात नाही. आणि भिंतीवरच्या गिझरच्या बारीक काचेत निळी ज्योत. चालू.

मी ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

मायला लावला. मायचा फोन घरात चार्जिंगला असतो आणि माय घरात नसते. वाजून बंद. नाना कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. दाजींना लावला, तिकडं उदगीरच्या मोंढ्यात सौद्याची वेळ, त्या ओरड्यात कुणाला काय ऐकू जातंय! पुन्हा ताईला. रिंग जात राहिली, जात राहिली.

“बेटा, क्या हुआ?” चाचांनी विचारलं.

मी फोटो दाखवला, गोधडीवर बोट ठेवलं, ज्योतीवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता नेहमीसारखं म्हणतील, किती घाबरतेस. पण चाचांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. “नंबर बोल.” मी ताईचा नंबर सांगितला.

गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. “ताई, मला बी सांगा नंबर, मी लावून बघतो.” त्याची बायको म्हणाली, “मला बी सांगा. माझं नेटवर्क चांगलं हाय.” शेजारचा सायकलवाला काय झालं म्हणून आला आणि त्यानंही कानाला फोन लावला. मी पुन्हा लावला.

‘आपण डायल केलेला क्रमांक सध्या व्यस्त आहे.’

“बिझी लागून राहिला!” गिऱ्हाईक म्हणालं.

“मला बी बिझी,” त्याची बायको.

“हौ, मेरे को भी,” चाचा.

मला एक क्षण हायसं वाटलं, ताई कुणाशीतरी बोलतेय! आणि दुसऱ्या क्षणी कळलं की ती कुणाशी बोलत नव्हती. सगळं दुकान मिळून एकाच वेळी एकाच फोनवर तुटून पडलं होतं.

“ठेवा! सगळे फोन खाली ठेवा!”

मी ओरडले. मी! चाचांनी फोन काउंटरवर ठेवला आणि वर हातही ठेवला, जणू तो उडून जाईल. सायकलवाला दारात थिजला. गिऱ्हाइकाच्या बायकोनं फोन पदरात गुंडाळला.

मी लावला. रिंग गेली. मी मनात त्या बाथरूमचं दार बघत होते, कडी आतून. पुन्हा रिंग. आता बंद होईल. पुन्हा. आता बंद...

उचलला.

आधी बादली आपटल्याचा दणका. मग पोरीचं रडणं, गळा काढून, पत्रा फाडल्यासारखं. मग जरा लांबून ताईचा आवाज, चांगला खणखणीत, चिडलेला:

“अगं आत्या, फोनसाठी दार कशाला उघडलंस! लाव आधी, केवढं वारं येऊन राहिलंय आत!”

आणि मग अगदी माझ्या कानात, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं, गोदाआत्या:

“हालो! कवापासून वाजून राहिलंय हे! कोण मेलं गं?”